कॅमेरा ‘मेला’ म्हणण्याआधी: बंद पडलेला आयपी कॅमेरा तपासायचा कसा, परत आणायचा कसा

अमळनेर-पारोळ्याकडून फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “भाऊ, कॅमेरा बंद पडी गया.” त्यावर बहुतेक जण कंपनीचं नाव विचारतात. मी आधी विचारतो, केव्हा बंद पडतो? रात्री, भर दुपारी, पावसानंतर, की लाइट जाऊन आल्यावर? निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

बंद पडलेल्या कॅमेऱ्यांत खरोखर जळालेले थोडेच निघतात. बाकीच्यांना एकतर पुरेशी वीज मिळत नसते, नाहीतर ते नेटवर्कवर भलत्याच पत्त्यावर जाऊन बसलेले असतात. या दोन्ही दुखण्यांवर रिसेट हे औषध नाही. रिसेट केला की आयपी पत्ता (नेटवर्कवरचा कॅमेऱ्याचा नंबर), पासवर्ड, हालचाल ओळखण्यासाठी आखलेल्या रेषा सगळं पुसलं जातं आणि मूळ दोष तिथेच राहतो. शिडी लावली, पिन खुपसली, दहा सेकंद दाबली, असं करणारी पोरं मी रोज पाहतो. या लेखात रिसेट बराच खाली येईल, आणि तिथवर जायची वेळ बहुधा येणार नाही.

लेख नेटवर्क केबलने जोडलेल्या आयपी कॅमेऱ्यांबद्दल आहे. टीव्हीसारख्या कोॲक्स केबलवर डीव्हीआरला (जुन्या पद्धतीच्या रेकॉर्डरला) लावलेल्या जुन्या कॅमेऱ्यांना यातला वीज आणि ऊन-पाण्याचा भाग लागू पडेल, पत्त्यांचा नाही.

बंद नेमकं काय आहे?

मोबाइलवर ‘ऑफलाइन’ दिसतं म्हणजे कॅमेरा बंद आहे असं नाही. आधी एनव्हीआरच्या, म्हणजे आयपी कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याच्या, स्क्रीनसमोर जाऊन उभे राहा. तिथे चित्र चालू असेल तर कॅमेरा ठणठणीत आहे आणि दोष इंटरनेटचा किंवा ॲपचा. शिडी काढायची गरजच नाही.

स्क्रीनवरही काळं असेल तर किती कॅमेरे गेलेत ते मोजा. सगळे गेले असतील तर एनव्हीआर, मुख्य नेटवर्क स्विच किंवा राउटर. एका बाजूचे चार-आठ एकदम गेले तर त्या बाजूचा पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा डबा) किंवा त्याला येणारी केबल. एकच गेला असेल तर तो कॅमेरा आणि त्याची केबल.

मग एनव्हीआरच्या कॅमेरा यादीत लिहिलेलं कारण वाचा. ‘नेटवर्क अनरीचेबल’ म्हणजे एनव्हीआरला कॅमेरा सापडतच नाही. पासवर्ड चुकीचा असा संदेश असेल तर कॅमेरा जिवंत आहे, फक्त ओळख देत नाही. ‘आयपी कॉन्फ्लिक्ट’ म्हणजे एका पत्त्यावर दोघं राहतात. हा संदेश न वाचताच लोक केबल बदलायला निघतात.

बंद पडण्याची वेळ

अंधार पडला की जातो आणि सकाळी आपोआप येतो: वीज कमी पडते. दिवसा कॅमेरा कमी वीज खातो. रात्री इन्फ्रारेडचे दिवे लागले की मागणी वाढते, व्होल्टेज खाली येतं, कॅमेरा रीस्टार्ट होतो, दिवे परत लागतात, परत रीस्टार्ट. हे चक्र रात्रभर चालतं. मालकाला वाटतं, चोरांनी काही केलं.

दुपारी जातो आणि संध्याकाळी येतो: उष्णता. बहुतेक बाहेरच्या कॅमेऱ्यांची मर्यादा ६० अंश लिहिलेली असते. भुसावळ-जळगावला मे महिन्यात हवाच ४५ च्या पुढे जाते. मग पश्चिमेच्या भिंतीवर, तापलेल्या पत्र्याला टेकून बसवलेल्या कॅमेऱ्याच्या आत काय होत असेल याचा अंदाज करा. यावर उपाय सुताराचा आहे, संगणकाचा नाही: पत्र्यापासून वीतभर खाली घ्या, वर सावलीची पट्टी लावा, जमलं तर उत्तरेच्या भिंतीवर हलवा.

पहिल्या पावसानंतर जातो: जोडात पाणी. याबद्दल खाली.

लाइट जाऊन आली की जातो, आणि हाताने बंद-चालू केला की येतो: पत्त्याचा घोळ. लाइट आल्यावर कॅमेरा लवकर जागा होतो, राउटर उशिरा. कॅमेऱ्याला पत्ता राउटरकडून घ्यायला सांगितलं असेल तर तो हाक मारतो, उत्तर मिळत नाही, आणि तो १६९.२५४ ने सुरू होणारा किंवा कंपनीचा मूळ पत्ता स्वतःच घेऊन बसतो. शेतातल्या गोदामात, जिथे दिवसातून अनेकदा वीज ये-जा करते, तिथे हा दोष हमखास. कॅमेऱ्यांना कायमचा, म्हणजे स्टॅटिक पत्ता द्या, विषय संपतो.

काही वेळ ठरलेली नाही, कधीही जातो: पत्त्याची टक्कर, सैल जॅक किंवा खराब केबल.

वीज: इथे घाई करू नका

खांबाखाली उभं राहून दिवसा करता येईल अशी एक चाचणी आहे. कॅमेऱ्याचा चेहरा हाताने किंवा काळ्या कापडाने झाका. काही सेकंदांत आतून बारीकसा ‘टक’ आवाज येतो, कारण रात्रीसाठी फिल्टर सरकतो. इन्फ्रारेड दिवे मंद लालसर दिसतात. न दिसल्यास मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा. दिवे लागले म्हणजे वीज पोचते. ‘टक’ही ऐकू आला तर आतला मेंदूही चालू आहे. काही जुन्या कॅमेऱ्यांत दिव्यांची पाटी स्वतंत्र चालते, तेव्हा नुसत्या दिव्यांवर भरवसा ठेवू नका. दर मिनिटाला ‘टक’ येत असेल तर कॅमेरा सुरू होऊन परत पडतोय.

आता वीज कशी जाते ते बघा. दोन प्रकार आहेत आणि लोक ते एकच समजतात.

पहिला खरा पीओई. स्विच आधी अगदी थोडं व्होल्टेज सोडून पलीकडे पीओईचं उपकरण आहे का हे तपासतो, खात्री पटली तरच ४४ ते ५७ व्होल्ट देतो. म्हणून मोकळ्या केबलला मल्टिमीटर लावून ‘करंटच नाही’ असा निकाल देऊ नका. २००३ च्या ८०२.३एएफ मानकात स्विचच्या पोर्टवर १५.४ वॉट मिळतात आणि कॅमेऱ्याला १२.९५ वॉटची हमी असते. २००९ च्या ८०२.३एटी मध्ये पोर्टवर ३० वॉट. फिरणाऱ्या पीटीझेड कॅमेऱ्याला बहुधा हा ३० वॉटवालाच लागतो. १५.४ वॉटवर तो दिवसा चालेल, फिरवायला गेलात की बसेल.

स्विचला आठ पोर्ट आहेत म्हणून आठ कॅमेरे चालतील असंही नाही. स्विचच्या पाठीवर एकूण वॉट लिहिलेले असतात. ६० वॉटच्या स्विचवर आठ कॅमेरे दिवसा पाच-पाच वॉट खात असतील तर ४० वॉटमध्ये भागतं. रात्री प्रत्येकाने नऊ वॉट मागितले की ७२ होतात. स्विच कुणाला तरी उपाशी ठेवतो, बहुधा शेवटच्या पोर्टवाल्याला. दोन कॅमेऱ्यांच्या केबल रात्री काढून बघा. बाकीचे स्थिर झाले तर स्विच बदला, कॅमेरा नाही.

दुसरा प्रकार जुगाडाचा. १२ व्होल्टचा अॅडॉप्टर, दोन्ही टोकांना स्प्लिटर (वीज आणि डेटाच्या तारा वेगळ्या करणारा जोड), आणि नेटवर्क केबलच्या उरलेल्या चार तारांतून वीज. स्वस्त पडतं म्हणून आपल्याकडे फार चालतं. आता हिशेब बघा. चांगल्या तांब्याच्या केबलमधून, दोन तारा जाताना आणि दोन येताना वापरल्या तर १०० मीटरला साधारण ८.४ ओहम रोध येतो. रात्री कॅमेऱ्याने अर्धा अँपिअर ओढला तर ४.२ व्होल्ट वाटेतच जातात आणि कॅमेऱ्याला मिळतात ७.८. पन्नास मीटरवरही ९.९ च उरतात. त्यात केबल सीसीए असेल, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, तर रोध अंदाजे दीडपट धरा. खोक्यावर काही लिहिलं असलं तरी तार ब्लेडने खरवडा. आत पांढरट चकाकलं की समजा.

मोजमाप करताना कॅमेरा जोडलेलाच ठेवा आणि झाकून दिवे लावा. मोकळ्या अॅडॉप्टरवर १२.३ दाखवणारा मीटर अशा वेळी साडेनऊ दाखवतो. ११ च्या खाली गेलं तर अॅडॉप्टर कॅमेऱ्याजवळ आणा किंवा सरळ पीओई करा. स्प्लिटरच्या जुगाडाला मी पंचवीस-तीस मीटरच्या पुढे कधीच हो म्हणत नाही.

केबल आणि जॅक

स्विचच्या पोर्टचा दिवा पेटत नसेल तर आधी जॅक. कॅमेऱ्याच्या शेपटीला असलेली पाणी अडवणारी टोपी फिटर मंडळी खोक्यातच सोडून येतात. त्या जागी काळी टेप. पाऊस पडला, पाणी टेपमध्ये साठलं, पिनांवर हिरवा थर आला, संपलं. केळी पिकवण्याच्या चेंबरमध्ये पाऊस न पडताही हेच होतं, कारण हवा कायम दमट. सावदा-रावेरच्या बाजूला काम करत असाल तर प्रत्येक जोड बंद जंक्शन बॉक्समध्ये ठेवा आणि केबल बॉक्समध्ये जाण्याआधी खाली एक वळसा सोडा, पाणी तिथून गळतं. हिरवा पडलेला जॅक घासून वापरू नका, कापून नवा पंच करा. रंग दोन्हीकडे एकाच क्रमाने: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

केबल स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंत १०० मीटरच्या आत हवी. जिनिंगच्या आवारात शेड एकमेकांपासून लांब असतात. तिथे अंतर ताणू नका, फायबर टाका. फायबरमधून विजेचा झटकाही पलीकडे जात नाही.

जिनिंगमध्ये रुईचा, डाळ मिलमध्ये भुशाचा आणि नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर लाल धुळीचा थर स्विच आणि एनव्हीआरच्या जाळीवर बसतो. पंखा अडकला की एनव्हीआर तापून रीस्टार्ट होतो आणि बोल कॅमेऱ्यांना लागतो. महिन्यातून एकदा ब्लोअर मारा, वीज बंद करून.

खाली उतरवा, टेबलावर लावा

इथवर काही सापडलं नाही तर कॅमेरा उतरवा. विजेचा मेन स्विच पाडा, शिडी धरायला माणूस ठेवा. टेबलावर खात्रीची दोन मीटर केबल आणि खात्रीचा पीओई इंजेक्टर (एकाच केबलला पीओई वीज देणारा छोटा डबा) लावा. टेबलावर चालला तर दोष वरच्या केबलमध्ये किंवा विजेत. टेबलावरही नाही चालला तर कॅमेऱ्यात. एका वेळी एकच गोष्ट बदला. कॅमेरा, केबल आणि पोर्ट एकदम बदलून चालू झालं तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही आणि आठवड्याने परत फोन येतो.

दिवे लागतात, ‘टक’ येतो, पण वेगवेगळ्या पोर्टवरही लिंकचा दिवा लागत नाही आणि नुकताच गडगडाट होऊन गेला आहे, अशा वेळी नेटवर्कची चिप गेली असं धरा. वॉरंटी असेल तर द्या. नसेल तर दुरुस्तीत पैसे घालण्यात मला अर्थ वाटत नाही.

हरवलेला पत्ता शोधणे

लिंक आहे, पण एनव्हीआरला सापडत नाही. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, फायरवॉल तात्पुरती बंद करा, केबलने त्याच स्विचला जोडा. कंपनीचं शोधणारं सॉफ्टवेअर चालवा: हिकव्हिजनचं एसएडीपी, दाहुआचं कॉन्फिगटूल. कॅमेरा वेगळ्याच पत्त्यावर असला तरी ही सॉफ्टवेअर त्याला दाखवतात, म्हणून पिंगच्या (पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघण्याच्या) आधी हेच.

एक अडचण लक्षात ठेवा. एनव्हीआरच्या पाठीमागच्या पीओई पोर्टला जोडलेले कॅमेरे वेगळ्या आतल्या नेटवर्कवर असतात. हिकव्हिजनमध्ये ते सहसा १९२.१६८.२५४ ने सुरू होतं. राउटरला जोडलेल्या लॅपटॉपवर ते दिसणार नाहीत. कॅमेरा तिथून काढून इंजेक्टरवर घ्या.

रिसेट झालेला किंवा नवा हिकव्हिजन १९२.१६८.१.६४ वर, दाहुआ १९२.१६८.१.१०८ वर सापडतो. म्हणूनच चार नवे कॅमेरे एकदम लावले की चौघं भांडतात. एकेक लावा, पत्ता बदला, मग पुढचा.

टक्कर आहे का हे ओळखायला साधी युक्ती आहे. कॅमेऱ्याची केबल काढा आणि त्याच्याच पत्त्यावर पिंग करा. तरीही उत्तर आलं तर तिथे दुसरं कुणीतरी राहतं. बहुधा कुणाचा तरी मोबाइल किंवा बिलिंगचा प्रिंटर. कॅमेऱ्यांना राउटरच्या वाटपाबाहेरचे पत्ते द्या, समजा शेवटचा आकडा २०१ पासून पुढे, आणि राउटरचं वाटप १५० वर थांबवा.

सगळे कॅमेरे एकाच दिवशी गेले आणि त्याच दिवशी नवं इंटरनेट बसलं, तर शोधत बसू नका. जुना राउटर १९२.१६८.१.१ वर होता आणि नवा दुसऱ्या मालिकेत आहे, उदाहरणार्थ जिओफायबरचा सहसा १९२.१६८.२९.१ वर. एनव्हीआरचा पत्ता राउटरकडून येत असेल तर तो नव्या मालिकेत गेला आणि कॅमेरे जुन्यात राहिले. वीस कॅमेऱ्यांचे पत्ते बदलण्यापेक्षा नव्या राउटरची मालिका जुन्यासारखी करा.

सॉफ्टवेअरलाही सापडला नाही तर वायरशार्क (नेटवर्कवरचं बोलणं दाखवणारा प्रोग्राम) लावून कॅमेरा बंद-चालू करा. जागा होताना बहुतेक कॅमेरे नेटवर्कवर स्वतःचा पत्ता ओरडून सांगतात, वायरशार्कमध्ये ‘एआरपी’ लिहिलेल्या ओळीत तो दिसतो.

पिंग येतं, चित्र येत नाही

ब्राउझरमध्ये कॅमेऱ्याचा पत्ता टाका. पान उघडलं तर कॅमेरा शुद्धीवर आहे. व्हीएलसी प्लेअरमध्ये आरटीएसपीचा (कॅमेऱ्याच्या थेट चित्राचा) दुवा टाकून बघा, त्याचं पोर्ट सहसा ५५४. तिथे चित्र येतं आणि एनव्हीआरवर येत नाही, तर जुन्या एनव्हीआरला एच.२६५ ही व्हिडिओ दाबण्याची नवी पद्धत पचत नसेल. कॅमेरा एच.२६४ वर आणा.

पासवर्ड बरोबर असूनही दुसऱ्या कंपनीच्या एनव्हीआरला ‘चुकीचा’ वाटतो, याचं एक चकवणारं कारण म्हणजे घड्याळ. ऑनव्हिफने, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांच्या सामायिक भाषेने, ओळख पटवताना त्यात वेळ मिसळलेली असते. लाइट फार काळ गेली की कॅमेऱ्याचं घड्याळ १९७० किंवा २००० सालात जातं आणि ओळख नाकारली जाते. ब्राउझरमधून वेळ लावा, एनटीपी (इंटरनेटवरून आपोआप वेळ घेणं) चालू करा. इंटरनेट नसेल तर एनव्हीआरकडून वेळ घेण्याची सोय बघा.

पासवर्ड, आणि आता रिसेट

अंदाजाने पासवर्ड टाकत बसू नका. पाच-सात चुका झाल्या की बहुतेक कॅमेरे अर्धा तास दार लावून घेतात, मग बरोबर टाकला तरी उघडत नाही. एनव्हीआरमध्ये जुना पासवर्ड चुकीने साठवलेला असेल तर तो सारखा दार ठोठावून कुलूप लावत राहतो. आधी एनव्हीआरची केबल काढा, अर्धा तास थांबा, मग लॅपटॉपवरून प्रयत्न करा.

चोरी, अपघात असं काही घडलं असेल तर रिसेट करूच नका. आधी कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून ठेवा, एनव्हीआरचं रेकॉर्डिंग वेगळं घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असा पुरावा देताना हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारी खूण) लिहिलेलं प्रमाणपत्र लागतं. ते पोलिसांना विचारून करा.

रिसेटचं बटण बहुधा मेमरी कार्डाच्या झाकणाखाली असतं. हिकव्हिजनमध्ये वीज काढा, बटण दाबून धरा, तसंच धरून वीज द्या आणि दहा-पंधरा सेकंदांनी सोडा. दाहुआत कॅमेरा चालू असताना तेवढाच वेळ दाबतात. बटणच नसेल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून विनंतीची फाइल किंवा क्यूआर काढून सर्व्हिसकडे पाठवावा लागतो, सोबत खरेदीचं बिल. बिल नसलेल्या, दुसऱ्याच्या भिंतीवरून उतरलेल्या कॅमेऱ्याचा पासवर्ड काढून देऊ नका, कितीही ओळखीचा माणूस असो.

फर्मवेअर बिघडलं असेल तर

फर्मवेअर म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर. त्याचं अपडेट चालू असताना लाइट गेली, आणि तेव्हापासून कॅमेरा सुरूच होत नाही, पण लिंकचा दिवा लागून विझतो. अशा जुन्या हिकव्हिजनला टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने) वाचवता येतं. लॅपटॉप आणि कॅमेरा दोन्ही यूपीएसवर घ्या.

१. अगदी त्याच मॉडेलचं फर्मवेअर कंपनीच्या साइटवरून घ्या. चीनमधल्या विक्रीसाठी बनलेल्या कॅमेऱ्यात बाहेरचं फर्मवेअर घातलं तर तो आणखी अडकतो.
२. लॅपटॉपचा पत्ता १९२.०.०.१२८, मास्क २५५.२५५.२५५.० करा. फायरवॉल बंद.
३. कंपनीचा टीएफटीपी प्रोग्राम आणि ‘डिजिकॅप’ नावाची फर्मवेअर फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवा. फाइलचं नाव बदलू नका.
४. लॅपटॉप आणि कॅमेरा मध्ये साधा स्विच घालून जोडा. थेट जोडलं तर लॅपटॉपचं कार्ड जागं होईपर्यंत कॅमेऱ्याची हाक निघून जाते.
५. प्रोग्राम चालू करा, मग कॅमेऱ्याला वीज द्या. तो १९२.०.०.६४ वरून फाइल मागतो.
६. फाइल गेल्याचा संदेश आला तरी वीज काढू नका. अपडेट पूर्ण झाल्याचा दुसरा संदेश येईपर्यंत थांबा.
७. प्रोग्राम लगेच बंद करा, नाहीतर पुढच्या वेळी कॅमेरा तीच फाइल परत मागेल.

काहीच मागितलं नाही तर वेगळा स्विच घालून परत करून बघा. त्यानंतर मी नाद सोडतो.

फर्मवेअर जुनं ठेवण्याचा धोका खरा आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर लाखांनी ताब्यात घेतले होते. हिकव्हिजनच्या २०१७ आणि २०२१ मध्ये उघड झालेल्या गंभीर त्रुटींवर दुरुस्त्या आल्या, पण भिंतीवरचा कॅमेरा त्या स्वतःहून घेत नाही. राउटरवर कॅमेऱ्यासाठी पोर्ट उघडून ठेवले असतील तर बंद करा.

परत वर चढवण्याआधी

आयपी पत्ता, मॅक पत्ता, मॉडेल, स्विचचा पोर्ट आणि बसवल्याची तारीख वहीत लिहा. पासवर्ड मालकाच्या हाती द्या, फक्त फिटरच्या मोबाइलमध्ये नको. कॅमेऱ्याचं कॉन्फिगरेशन पेनड्राइव्हवर काढून घ्या. एनव्हीआर आणि पीओई स्विच यूपीएसवर, अर्थिंग तपासलेलं.

मग विजेचा मेन स्विच पाडा, यूपीएसही बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि परत चढवा. सगळे कॅमेरे हात न लावता आपोआप आले पाहिजेत. त्याच रात्री अंधार पडल्यावर तासभर एनव्हीआरसमोर बसा आणि लॉगमध्ये एकही ‘व्हिडिओ लॉस’ नाही हे बघा. असला तर परत विजेच्या पायरीवर या. बिल त्यानंतर.